आधी आवाज, मग गोष्ट: कॅथलीन फेरियर ऐकायला सुरुवात कशी करावी

दुपारची वेळ होती. मी कॅथलीन फेरियरचं ‘ब्लो द विंड सदर्ली’ लावलं होतं आणि आई आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. गाणं संपलं तशी ती सूप हातात घेऊनच दारात आली. म्हणाली, “ही ओवी कोण म्हणतंय गं? पेटी नाही, तबला नाही, काही नाही. एकटीच म्हणतेय.”

आईला इंग्रजी जेमतेम येतं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताशी तिचा कधी संबंध आला नाही. तरी अडीच मिनिटांत तिला त्या गाण्याची जात कळली. तेव्हापासून कुणी मला विचारलं की “पाश्चात्त्य गायन ऐकायचंय, पण कुठून सुरू करू?”, तर मी फेरियरचं नाव सांगते. आपल्या कानांना ओळखीचं वाटेल असं तिच्यात बरंच आहे. फक्त क्रम नीट लावावा लागतो. हा लेख त्या क्रमासाठी आहे.

ओळख अगदी थोडक्यात करून देते. कॅथलीन फेरियर ही इंग्लंडची कॉन्ट्राल्टो गायिका. जन्म २२ एप्रिल १९१२, लँकेशायरमधल्या हायर वॉल्टन गावात. वडील शाळामास्तर. तिची बहुतेक ध्वनिमुद्रणं १९४४ ते १९५२ या आठ-नऊ वर्षांतली आहेत. तिच्या आयुष्याची गोष्ट विलक्षण आहे आणि ती मी पुढे सांगणार आहे, पण मुद्दाम उशिरा. तिच्यावरचे लेख बहुधा तिच्या आजारापासून सुरू होतात. वाचणाऱ्याचे डोळे आधीच भरून येतात आणि मग प्रत्येक सुरात त्याला दुःखच ऐकू येतं. फेरियरच्या आवाजात मिस्कीलपणा आहे, भक्ती आहे, उन्हाची ऊब आहे. ते सगळं आधी कानावर पडलं पाहिजे.

कॉन्ट्राल्टो म्हणजे काय

पाश्चात्त्य संगीतात स्त्रियांचे आवाज पट्टीनुसार ओळखले जातात. सर्वांत वरचा सोप्रानो, मधला मेझो-सोप्रानो आणि सर्वांत खालचा कॉन्ट्राल्टो. पेटीवर सांगायचं तर कॉन्ट्राल्टोचा पल्ला साधारण मंद्र सप्तकातल्या पांढरी चारपासून वर दोन सप्तकांचा. नुसता खालचा सूर लागला म्हणून कुणी कॉन्ट्राल्टो होत नाही. तो खालचा सूर भरीव लागावा लागतो आणि तिथून वर जाताना आवाजाचा पोत बदलता कामा नये. असे आवाज दुर्मीळ असतात.

आपल्याकडे गंगूबाई हनगलांचं गाणं ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. बाईचा आवाज बारीक आणि उंचच हवा, हा हट्ट त्यांच्या गाण्यापुढे गळून पडतो. फेरियरचा आवाज गंगूबाईंसारखा नाही. तो मऊ आहे, गोल आहे, त्याला धार कमी आहे. पण खालच्या सुरांवर निवांत उभं राहणं दोघींकडे आहे.

तिचे गुरू रॉय हेंडरसन यांनी तिच्या घशाच्या रचनेबद्दल लिहून ठेवलंय. त्यांच्या मते तिच्या घशाच्या मागच्या बाजूची पोकळी इतकी मोठी होती की बऱ्यापैकी आकाराचं सफरचंद कुठेही न अडखळता मागपर्यंत गेलं असतं. तिच्या सुराभोवती जी प्रशस्त जागा जाणवते तिचं एक कारण हे. दुसरं कारण रियाज, आणि ते जास्त मोठं आहे.

पहिली पायरी: फोनचा स्पीकर बंद करा

हे कळकळीने सांगते. मंद्रातली पांढरी चार म्हणजे सेकंदाला सुमारे १७५ कंपनं. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तिथपर्यंत नीट पोचता येत नाही. तुम्हाला सूर कोणता ते कळतं, कारण वरचे उपस्वर ऐकू येतात. पण सुराचं अंगच नाहीसं झालेलं असतं. तानपुऱ्याचा खर्ज काढून घेतला तर उरलेल्या तीन तारा जशा पोरक्या वाटतील तसं काहीसं. साधे का असेनात, पण बरे हेडफोन घ्या, किंवा घरातल्या मोठ्या स्पीकरवर ऐका.

दुसरी गोष्ट खरखरीची. ही ध्वनिमुद्रणं सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची आहेत. बरीचशी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. केसरबाई, हिराबाई, बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून वाढलेल्या घरांत या खरखरीचं कुणाला काही वाटणार नाही. नव्या श्रोत्याला मात्र पहिल्या दहा सेकंदांत ती टोचते. दोन मिनिटं थांबा. कान आपणहून ती बाजूला सारतो, देवळातला गलबला आपल्याला जसा थोड्या वेळाने ऐकू येईनासा होतो तसं.

एकाच ध्वनिमुद्रणाच्या अनेक आवृत्त्या सापडतील. काहींत खरखर इतकी घासून काढलेली असते की आवाजाचं तेजही तिच्याबरोबर जातं. निवडायची एक सोपी खूण सांगते: ‘स’ आणि ‘श’ ऐका, आणि ओळीआधी घेतलेला श्वास ऐका. ‘स’ बोथट झाला असेल आणि श्वास ऐकूच येत नसेल, तर ती आवृत्ती सोडा. थोडी खरखर असलेली पण श्वास ऐकू येणारी आवृत्ती कितीतरी चांगली. १९४६ पासून फेरियर डेक्का कंपनीसाठी गायली आणि त्या काळात डेक्काचं ध्वनिमुद्रणाचं तंत्र फार पुढारलेलं होतं. युद्धात पाणबुड्यांचे आवाज ओळखण्यासाठी त्यांच्या अभियंत्यांनी जे काम केलं होतं त्यातून ते आलं. त्यामुळे मूळ मुद्रणांत तपशील भरपूर आहे. तो पुसला गेलेला नसावा एवढंच बघायचं.

दुसरी पायरी: एकटा आवाज

आता ‘ब्लो द विंड सदर्ली’. हे १० फेब्रुवारी १९४९ ला मुद्रित झालं. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं लोकगीत. साथीला कुणीही नाही.

अर्थ साधा आहे. किनाऱ्यावरची बाई वाऱ्याला विनवते आहे की दक्षिणेचा वारा वाहू दे आणि माझ्या माणसाला घेऊन येऊ दे. काल रात्री तिला कुणीतरी सांगितलंय की दूरवर जहाजं दिसली. ती धावत समुद्रावर गेली, पण ज्याची वाट बघत होती ते जहाज काही दिसलं नाही. कोकणातल्या दर्यावर्दी घरांत ही कथा नवी नाही.

तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं.

दुसऱ्यांदा फक्त पहिल्या शब्दाकडे लक्ष द्या: ‘ब्लो’. त्यातला ‘ओ’ ती एका दमात उघडते आणि मिटते. फुंकर जशी हळूच सुरू होते, भरते आणि विरते, तसाच तो स्वर आहे. पुढे हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि दरवेळी फुंकर थोडी वेगळी असते. कधी हुकूम, कधी आर्जव. शेवटाकडे तर ती जवळजवळ स्वतःशीच बोलते.

तिसऱ्यांदा तिच्या श्वासाच्या जागा शोधा. ओळ कुठे तुटते, कुठे तुटायला हवी होती पण तुटली नाही. दमसास दाखवायचा म्हणून ती ओळ लांबवत नाही. वाक्याचा अर्थ पुरा होतो तिथेच श्वास येतो. बोलणारा माणूस असाच श्वास घेतो.

घरात पेटी असेल तर एक करा. गाण्याच्या सुरुवातीला तिचा षड्ज शोधून ठेवा आणि शेवटच्या सुराशी ताडून बघा. साथ नसताना पट्टी घसरते की टिकते, ते तुमचं तुम्हीच ठरवा.

नव्या श्रोत्यांची एक तक्रार असते, ती इथेच घेते. “पाश्चात्त्य गायिकांचा आवाज सारखा थरथरतो.” आपल्याकडे सूर सरळ, आस धरून लावायची शिकवण असते, म्हणून तो कंप खटकतो. त्यांच्याकडे तो कंप सुराच्या रंगाचा भाग मानला जातो. फेरियरचा कंप मुळात सौम्य आहे आणि हळू सुरांत तो इतका बारीक होतो की सूर सरळच वाटतो. म्हणून सुरुवातीला तिला ऐकणं सोपं जातं. उंच पट्टीच्या ऑपेरा-गायिकांकडे नंतर वळा.

तिसरी पायरी: पियानोची सोबत

इथे फार थांबायचं नाही. त्याच सुमाराची ‘मा बॉनी लॅड’ आणि ‘द कील रो’ ही दोन छोटी गाणी ऐका. पियानोवर फिलिस स्पर आहे. ‘कील’ म्हणजे टाइन नदीवर कोळसा वाहणारी होडी. ‘द कील रो’ ठसक्यात, भरभर, हसऱ्या चेहऱ्याने गायलेलं आहे. ते मी मुद्दाम सांगते, कारण फेरियरला कायम गंभीर समजणाऱ्यांनी ते ऐकलेलं नसतं.

चौथी पायरी: सगळे शुद्ध स्वर आणि दुःख

ग्लुक या संगीतकाराचा ‘ऑर्फेओ एद एउरिदिचे’ हा ऑपेरा १७६२ साली व्हिएन्नात पहिल्यांदा झाला. कथा ग्रीक पुराणातली. ऑर्फेओ हा थोर गवई. त्याची बायको मरते. तिला परत आणायला तो थेट पाताळात जातो, आपल्या गाण्याने तिथल्या शक्तींना जिंकतो आणि तिला घेऊन निघतो. अट एकच: बाहेर पडेपर्यंत मागे वळून तिच्याकडे बघायचं नाही. सावित्रीची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला हा प्रवास लगेच कळतो. फरक एवढाच की सावित्री जिंकते. ऑर्फेओ मागे वळून बघतो, आणि बायको पुन्हा मरते. त्या क्षणी तो जे गातो ते हे गाणं, इंग्रजीत ‘व्हॉट इज लाइफ’.

भूमिका पुरुषाची, गाणारी बाई. ग्लुकने ही भूमिका उंच आवाजाच्या कास्त्रातो गायकासाठी, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेल्या पुरुषासाठी, लिहिली होती. ते गायक पुढे राहिले नाहीत आणि ती कॉन्ट्राल्टो गायिकांकडे आली. बालगंधर्वांना भामिनी म्हणून डोक्यावर घेतलेल्या महाराष्ट्राला यात अडण्यासारखं काही नाही.

फेरियरने हे १९४६ मध्ये माल्कम सार्जंट यांच्या संचालनाखाली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर मुद्रित केलं आणि त्याने ती घराघरांत पोचली. ऐकताना पहिल्यांदा तुम्ही गोंधळाल, आणि तसं व्हायलाच हवं. चाल मेजर सप्तकात आहे, म्हणजे आपल्या भाषेत बहुतेक शुद्ध स्वरांची, बिलावलच्या घरातली. बायको नुकतीच गेली आहे आणि चाल इतकी उजळ! अनेक गायक हा पेच सोडवायला हुंदके घालतात, लय ताणतात. फेरियर त्यातलं काही करत नाही. ती चाल आहे तशी, स्वच्छ गाते. दुःख येतं ते आवाजाच्या वजनातून.

ध्रुवपद तीनदा येतं. ठुमरीत आपण मुखड्यावर परत येण्याची जशी वाट बघतो तशी बघा. मधल्या कडव्यांत ती बायकोला हाक मारते, उत्तर येत नाही, आणि पुन्हा ध्रुवपद. पहिल्या वेळी तो प्रश्न आहे. तिसऱ्या वेळी शब्द तेच, सूर तेच, पण विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक झालेलं आहे. हा फरक ती अलंकारांशिवाय करते. एक मुरकी नाही, एक तान नाही. हे जमणं किती अवघड, ते गाणाऱ्यांना विचारा.

हे आवडलं तर पूर्ण भूमिकेकडे जाता येतं. १९४७ चं फ्रिट्स श्टीड्रींच्या संचालनाखालचं संक्षिप्त मुद्रण आहे आणि १९५१ चं ॲमस्टरडॅमचं प्रत्यक्ष प्रयोगातलं आहे, दोन्ही इटालियनमध्ये. ॲमस्टरडॅमचा आवाज ओबडधोबड आहे, पण रंगमंचावरची फेरियर तिथे भेटते. रंगमंचावर ऑपेरातल्या दोनच भूमिका तिने केल्या. ही एक, आणि बेंजामिन ब्रिटनने लिहिलेली लुक्रेशिया, १९४६ साली ग्लाइंडबर्नला.

पाचवी पायरी: बाख आणि हँडेल

ऑक्टोबर १९५२ मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये फेरियरने एड्रियन बोल्ट आणि लंडन फिलहार्मोनिकबरोबर बाख आणि हँडेल यांची आठ धर्मगीतं मुद्रित केली. नव्या श्रोत्याला पूर्ण तबकडी म्हणून मी हीच सुचवीन.

सुरुवात हँडेलच्या ‘मेसाया’मधल्या ‘ही वॉज डिस्पाइज्ड’ने करा. अर्थ: लोकांनी त्याला, म्हणजे येशूला, तुच्छ मानलं, नाकारलं, तो दुःखाने ओळखला जाणारा माणूस. हीसुद्धा मेजर सप्तकातली चाल आहे. गंमत बघायची ती तुटलेल्या शब्दांची. ‘तुच्छ मानलं’ एवढंच म्हणून आवाज थांबतो, मध्ये वाद्यं दोन शब्द बोलतात, मग ‘नाकारलं’. पुन्हा थांबा. कुणीतरी वाईट बातमी सांगताना एकेक शब्द गोळा करतं, तशी रचना आहे. त्या थांब्यांत फेरियर गात नसते, पण तिने सोडलेला सूर संपलेला वाटत नाही. आधीच्या शब्दाचा शेवट कसा ठेवते ते ऐका. झटकून टाकत नाही, ओढतही नाही. पाण्याने भरलेला तांब्या जमिनीवर टेकवावा तसा अलगद ठेवते.

मग बाखचं ‘आन्युस देई’, आणि त्यानंतर ‘सेंट जॉन पॅशन’मधलं ‘ऑल इज फुलफिल्ड’.

एक सावधगिरी. १९६० मध्ये डेक्काने फेरियरचा तोच आवाज ठेवून त्याच्यावर बोल्ट यांच्याकडून वाद्यवृंद नव्याने, स्टिरिओत वाजवून घेतला. त्यामुळे बाजारात दोन रूपं आहेत. दुसरं कानाला जास्त भरदार लागतं. मी मात्र १९५२ चं मूळ मोनो ऐकायला सांगेन. त्यात गाणारी आणि वाजवणारे एका खोलीत आहेत, एकमेकांचा श्वास धरून आहेत. नंतर चढवलेली साथ कितीही नेटकी असली तरी ती गाणारीच्या मागून चालते.

आता गोष्ट

एवढं ऐकून झालं असेल तर आता तिचं आयुष्य ऐकायला हरकत नाही.

ती मुळात पियानो वाजवणारी. घरची परिस्थिती बेताची, म्हणून चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ब्लॅकबर्नच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी लागली. फोनवर वेळ सांगणाऱ्या आवाजासाठी टपाल खात्याने चाचण्या घेतल्या, त्यात तिने आवाज दिला आणि तिची निवड झाली नाही. १९३५ मध्ये तिने बँकेत काम करणाऱ्या माणसाशी लग्न केलं आणि पुढे सिलॉथ नावाच्या समुद्रकाठच्या गावी राहायला गेली. १९३७ च्या कार्लाइलच्या संगीत महोत्सवात तिने पियानोसाठी नाव दिलं होतं. गाण्यातही भाग घ्यायची हिंमत नाही तुझ्यात, म्हणून नवऱ्याने एका शिलिंगची पैज लावली. तिने दोन्ही स्पर्धा जिंकल्या. तेव्हा ती चोवीस-पंचवीस वर्षांची होती. आपल्याकडे या वयात गवयाची दहा-पंधरा वर्षांची तालीम झालेली असते. हिचं रीतसर गाणं शिकणं त्यानंतर सुरू झालं.

युद्धाच्या वर्षांत ती गावोगावच्या हॉलमध्ये, कारखान्यांत गायली. १९४२ मध्ये लंडनला आली, १९४३ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत ‘मेसाया’ गायली. १९४७ मध्ये संगीत संचालक ब्रूनो वॉल्टर यांनी तिला ऐकलं. वॉल्टर हे संगीतकार गुस्ताव माहलरचे शिष्य आणि सहकारी, नाझींमुळे युरोप सोडावा लागलेले. त्यांनी तिला माहलर दिला.

मार्च १९५१ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं, एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. ती गात राहिली. फेब्रुवारी १९५३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली ती पुन्हा ऑर्फेओ झाली. दुसऱ्या प्रयोगात तिच्या मांडीचं हाड दगा देऊन गेलं. तिने आधार घेत प्रयोग पूर्ण केला, प्रेक्षकांना कळलं नाही. त्यानंतर ती लोकांसमोर गायली नाही. ८ ऑक्टोबर १९५३ ला ती गेली. वय ४१. बोल्ट यांच्याबरोबरची ती आठ गीतं बरोबर वर्षभर आधीची, ७ आणि ८ ऑक्टोबरची.

हे कळल्यावर ती गीतं पुन्हा ऐका. आवाजात आजार शोधायचा मोह होईल. मी खूप शोधला, मला सापडला नाही.

सहावी पायरी: ब्राम्झ

माहलरकडे जाण्याआधी एक थांबा घ्या. ब्राम्झची ‘ऑल्टो ऱ्हाप्सडी’, १८६९ ची रचना; फेरियरचं मुद्रण डिसेंबर १९४७ चं, क्लेमेन्स क्राउस यांच्याबरोबर. शब्द गटेच्या कवितेतले. माणसांपासून तुटलेला, मनातून कडवट झालेला एकटा प्रवासी, आणि शेवटी त्याच्यासाठी केलेली प्रार्थना. सुरुवात मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या छायेत. प्रार्थना सुरू होते तिथे गंधार शुद्ध होतो आणि तोवर गप्प असलेले पुरुष गायक खालून हलकेच आत येतात. त्या जागी फेरियरचा आवाज त्यांच्यावर तरंगतो. ती एक जागा ऐकण्यासाठी आधीची सगळी खिन्नता सोसायची आहे.

सातवी पायरी: मुलांच्या मरणाची गाणी

‘किंडरटोटनलीडर’, म्हणजे मृत मुलांसाठीची गाणी. कविता फ्रीडरिश रुकर्ट या जर्मन कवीच्या. हा माणूस आपल्याला अगदी परका नाही. तो पौर्वात्य भाषांचा पंडित होता. त्याने नल-दमयंतीची कथा आणि ‘गीतगोविंद’ जर्मनमध्ये नेले. १८३३-३४ च्या हिवाळ्यात त्याची दोन मुलं गेली आणि त्याने चारशेहून जास्त कविता लिहिल्या. माहलरने त्यातल्या पाच निवडल्या. माहलरची स्वतःची थोरली मुलगी गेली ती गाणी पूर्ण झाल्यावर, १९०७ मध्ये.

फेरियरचं मुद्रण ४ ऑक्टोबर १९४९ चं, किंग्जवे हॉलमधलंच, वॉल्टर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर. पाच गाण्यांना अर्धा तासही लागत नाही, पण एका बैठकीत पहिलंच ऐका. शब्दांचा अर्थ आधी वाचून घ्या: आता सूर्य उजळून उगवेल, जणू रात्री काही अघटित घडलंच नाही. ज्या घरात रात्री मरण झालं आहे तिथली सकाळ. बाहेर दूधवाला येऊन गेलाय, पाखरं ओरडताहेत, आणि घरात कुणाला त्याचा अर्थ लागत नाही. माहलरने इथे वाद्यवृंद जवळजवळ गप्प ठेवला आहे. एक ओबो, एक हॉर्न, मध्येच एखादी बारीकशी घंटा. फेरियर सूर्याबद्दलचे शब्द गाते तेव्हा आवाजात प्रकाश येऊ देत नाही, आणि जिथे प्रकाश येतो तिथे तो सोसवत नाही.

पाचव्या गाण्यात वादळ आहे. शेवटी ते शमतं आणि अंगाई उरते: मुलं आता आईच्या घरी असल्यासारखी निजली आहेत. इथपर्यंत एका आठवड्यात पोचा, घाई करू नका. आणि घरात असं काही नुकतं घडलं असेल, तर ही पायरी खुशाल सोडून द्या. गाणी कुठे जात नाहीत.

शेवटची पायरी: निरोप

‘दास लीड फॉन डेअर एर्डे’, म्हणजे पृथ्वीचं गाणं. जुन्या चिनी कवितांच्या जर्मन रूपांतरांवर माहलरने १९०८-०९ मध्ये रचलेली सहा गाणी. पहिला प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर, १९११ मध्ये, वॉल्टर यांनीच म्युनिकला केला. त्याच वॉल्टर यांच्याबरोबर मे १९५२ मध्ये व्हिएन्नात फेरियरने ते डेक्कासाठी मुद्रित केलं. पुरुष गायक यूलिउस पात्साक. दुसरं, चौथं आणि सहावं गाणं फेरियरचं.

सहाव्याचं नाव ‘डेअर आबशीड’, निरोप. जवळजवळ अर्ध्या तासाचं. नवख्याला हे लांबलचक वाटेल, म्हणून एक खूण सांगते. सुरुवातीला खाली एक खर्जाचा सूर लागतो आणि हलत नाही. त्यावर फेरियर सांगते आहे की सूर्य डोंगराआड जातोय, आणि बाजूने बासरी आपल्याच तंद्रीत फिरते आहे. खर्जाचा षड्ज, एक गळा, एक बासरी. विलंबित आलापीची सवय असलेल्या कानाला ही बैठक समजते. लय मोजू नका. आलाप ऐकतो तसं ऐका.

संध्याकाळ होते. मित्र निरोप घ्यायला येणार आहे, त्याची वाट बघणं चालू आहे. मध्ये वाद्यांचा मोठा, जड, प्रेतयात्रेसारखा भाग येतो. तिथे बरेच जण ऐकणं सोडतात. सोडू नका. त्यानंतर मित्र येतो, जातो, आणि मग सूर उजळायला लागतात. शेवटचे शब्द माहलरने स्वतः जोडलेले: ही लाडकी पृथ्वी सगळीकडे वसंतात पुन्हा फुलते, हिरवी होते, सगळीकडे आणि कायमची. जर्मनमध्ये ‘कायम’ला ‘एविग’. हाच शब्द फेरियर पुन्हा पुन्हा म्हणते आणि तसाच विरत जातो.

पेटी जवळ असेल तर इथे तिच्याशी बसा. पट्टी पांढरी एक. ‘ए’ गंधारावर आहे, ‘विग’ रिषभावर. ग, रे. पुन्हा ग, रे. कान म्हणतो, आता सा येईल. वाद्यं खाली सा, ग, प धरून आहेत, त्यात वरून धैवत मिसळलेला आहे, म्हणून वाद्यंही पुरती टेकत नाहीत. आणि गाणारी रिषभावर थांबते. सा तिच्या गळ्यातून येतच नाही.

१९४७ मध्ये एडिंबराच्या महोत्सवात ती हे पहिल्यांदा वॉल्टर यांच्याबरोबर गायली तेव्हा या जागेपर्यंत येता येता तिला रडू फुटलं आणि शेवटचे काही ‘एविग’ निघालेच नाहीत. नंतर ती वॉल्टर यांची माफी मागायला गेली. १९५२ च्या मुद्रणात ते सगळे आहेत. सेलेस्टा या घंटांसारख्या वाजणाऱ्या वाद्याचे थेंब पडताहेत, आणि ती म्हणते: ग, रे. मग थोडं थांबून, आणखी हळू: ग, रे.